हळदीचं रक्त

सपकन चाबूक बसला आणि गौतमच्या हळद माखलेल्या पाठीवर लालभडक रेघ उमटली.

“देखो, खून निकला!” गर्दीतून कुणी ओरडलं. पुरानी बस्तीतलं ते अंगण माणसांनी खच्चून भरलं होतं. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल उंच धरला.

अभनपूरहून आलेल्या लहानूमहाराजांनी चाबूक पुन्हा बादलीतल्या ‘तीर्थात’ बुचकळला. “घाबरू नका. मार भुताले, रक्तही भुताचं. पोट्ट्याले काही लागत नाही.”

भुताला पाठ असते, हे ज्ञान बस्तीला महाराजांमुळेच झालं.

खांबाला बांधलेल्या गौतमचे हळद लागलेले पाय धाकट्या बहिणीने, मंजिरीने धरले होते. त्याची थरथर तिच्या हातांना कळत होती. चार वर्षांपासून त्याला नसलेले आवाज ऐकू येत. गोळ्यांनी ते शमले होते. महिन्यापूर्वी महाराजांच्या सांगण्यावरून आईने, प्रेमलाबाईंनी, गोळ्या मोरीत ओतल्या. आवाज परतले, आणि काल गौतमने तवा घालून वडिलांचं डोकं फोडलं. तेव्हा मंजिरीचाही धीर सुटला आणि तिनेही या उताऱ्याला होकार दिला.

“मंजू, मले लागून राहिलं,” गौतम म्हणाला.

“भूतच बोलून राहिलं,” महाराज गरजले आणि लागोपाठ दोन फटके पूर्ण जोराने ओढले. गौतमची मान लुळी पडली.

प्रेमलाबाईंनी रडतच त्याची पाठ पंच्याने पुसली. तो लाल पंचा बघून मंजिरीला घरची मोरी आठवली. हळदीच्या कपड्याला साबण लावला की तो असाच लाल होतो. तिने बादलीत डोकावलं. तळाला पांढरा गाळ होता, पानाला लावतात तो चुना. तिने आपला हळदीने भरलेला तळवा आत बुडवला आणि लालभडक बाहेर काढला.

“महाराज, माह्या अंगातही भूत शिरलं काय?”

“बाई, तीर्थ बाटवलं तू!”

तिने पूजेतलं लिंबू कापून पंच्यावर पिळलं. लाल पंचा सगळ्यांदेखत पिवळा झाला.

“आई, चाळीस वर्षं हळदीचे कपडे धुतले तू. तुले काहून नाही दिसलं?”

प्रेमलाबाई पंच्याकडे बघत होत्या. मधले दोन पट्टे अजून लालच होते. त्यांनी दुसरं लिंबू पिळलं, जोरात चोळलं.

“हे काहून नाही जाऊन राहिलं?”

“ते त्याचं आहे, आई.”

प्रेमलाबाईंनी चाबूक हिसकावला आणि महाराजांच्या तोंडावर ओढला. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा डोक्याला पट्टी बांधलेल्या वडिलांनी, रामकृष्णरावांनी, तो धरला. “याले पोलिसात देऊ. आधी पोट्ट्याले दवाखान्यात नेऊ.” मंजिरी तोवर दोर सोडत होती.

चुन्याने हळद लाल होते, लिंबाने पुन्हा पिवळी. यात मंत्र नाही. मनाच्या आजाराला डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. त्या बंद करू नका. आणि कुणी तुमच्या माणसाच्या अंगातून भुताचं रक्त काढून दाखवलं, तर हात जोडण्याआधी त्यावर लिंबू पिळा. जे जाणार नाही, ते तुमच्या माणसाचं रक्त आहे.