तयार कमांडचे गुण

पावणेसातला प्राध्यापिका अस्मिता इनामदारांनी दूध तापवलं, डबा भरला आणि कळंब्याहून स्कूटर काढली. साडेसातला महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं. बावीस संगणकांपैकी एकोणीस सुरू झाले, म्हणजे रोजच्यापेक्षा दोन जास्तच. प्रश्नांच्या चिठ्ठ्या घडी घालून टेबलावर पसरल्या तोवर सांगलीचे बाह्य परीक्षक विजयसिंह सर चहा मागत दारात हजर झाले. आठला प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाली.

नेसरीच्या संयोगिताला आलेली चिठ्ठी सोपी होती : फाइलमधली दोनशे नावं वर्णक्रमानं लावणारा सी भाषेतला प्रोग्राम लिहा. मात्र तिचा हा एकच विषय मागे राहिला होता. यंदा सुटला तरच पदवी हाती येणार होती.

वीस मिनिटांत तिनं हात वर केला. सरांनी पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नावं क्रमानं लावण्याचं काम तिनं स्वतः केलंच नव्हतं. एका ओळीत संगणकातल्याच ‘सॉर्ट’ या तयार कमांडला हाक मारून ते त्या कमांडकडूनच करून घेतलं होतं.

“अगं, भाकरी करून दाखव म्हटलं, तर शेजारणीकडनं आणून वाढलीस की!”

“व्हय सर,” संयोगिता म्हणाली, “पण शेजारणीनं भाकरी खरंच दिली का न्हाय, ते बघूनच ताट वाढलंय.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

“शून्य!” सर अस्मितांच्या कानाशी म्हणाले. “हे चालू दिलं तर उद्या सगळे हेच करतील.”

अस्मितांना ते पटलं. तरीही त्या खुर्ची ओढून बसल्या. “स्वतः लिहिता येतं का गं तुला?”

“येतं मॅडम. पण लई वेळ लागतो. मागल्या खेपेला त्यातच घंटा झाली. आणि ही तयार कमांड वापरायला तुम्हीच शिकवलंय की, ऑगस्टात.”

शिकवलं होतं खरं. त्या तासाला साठांपैकी अकराजण हजर होते.

अस्मितांनी नावांची फाइल दुसरीकडे हलवली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. पडद्यावर उमटलं : यादी मिळाली नाही, काम झालेलं नाही. मग शेजारच्या पृथ्वीराजकडे वळून त्यांनी तसंच केलं. त्याचा चाळीस ओळींचा पाठ केलेला प्रोग्राम रिकाम्या हातानं उत्साहात म्हणाला : काम यशस्वी!

विजयसिंह सरांना हसू आवरेना. “बघा, हा पावणा ताट न वाढताच ढेकर देतोय.”

“सर, ‘तयार कमांड वापरू नये’ असं चिठ्ठीत कुठंच नाही,” अस्मिता म्हणाल्या. “चिठ्ठी मी लिहिली. चूक माझी, तर दंड तिला कसा करायचा?”

“विद्यापीठानं विचारलं तर?”

“माझं नाव सांगा.”

“मग मला दुसरा चहा लागेल,” असं म्हणत सर दाराकडे निघाले.

अस्मितांनी संयोगिताला बाहेर पाठवलं आणि गुणपत्रक पुढं ओढलं. तिच्या नावासमोर वीसपैकी सोळा लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात बारीक, नीट अक्षरात नोंद केली : प्रश्न अपुरा होता, जबाबदारी अंतर्गत परीक्षकाची. खाली सही करून त्यांनी पत्रक सरांच्या खुर्चीसमोर ठेवलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.