लोकरीवरचा डाग

इस्त्रीचं दुकान दोघा भावांचं. थोरला काउंटरवर, धाकटा पडद्याआड इस्त्रीवर. थोरल्याच्या जिभेवर साखर. भांडायला आलेलं गिऱ्हाईक हसत परत जायचं. धाकट्याचं तोंड मात्र कायम एरंडेल प्यायल्यासारखं. लोक त्याला घुम्या म्हणत आणि थोरल्याला म्हणत, "याला सांभाळता, धन्य आहे तुमची!"

दुपारी धाकटा जेवायला गेला होता. टेबलावर लोकरीचा कोट होता. जरा मदत करावी म्हणून थोरल्याने इस्त्री हातात घेतली आणि फोनवर मित्राला किस्सा सांगण्याच्या नादात मध्ये ओलं फडकं घालायचंच विसरला. किस्सा रंगला, मित्र खो-खो हसला आणि कोटाच्या पाठीवर इस्त्रीएवढा तपकिरी डाग पडला. धाकटा परतायच्या आत थोरल्याने कोट घडी करून काउंटरखाली सरकवला.

संध्याकाळी शाळेतल्या बाई कोट न्यायला आल्या. त्यांच्या वारलेल्या वडिलांचा कोट. उद्या लग्नात बाईंचा मुलगा तोच घालणार होता. डाग बघून बाई मटकन बाकावर बसल्या.

"कोणी केलं हे?"

खरं थोरल्याच्या अगदी ओठांवर आलं. पण गोड न करता काही बोलायची त्याला सवयच नव्हती. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला. खोटा शब्द म्हणाल तर एकही नाही. बाईंना तेवढं पुरलं.

पडदा सरकवून धाकटा बाहेर आला. त्याने कोट पाहिला, मग भावाचं तोंड पाहिलं.

"चुकलं, बाई. आतल्या दुमडीत जास्तीचं कापड आहे. जोड लावून सकाळी घरी आणून देतो," एवढं बोलून तो कोट घेऊन आत गेला.

बाई थोरल्याला म्हणाल्या, "तुमचा भाऊ म्हणून शोभत नाही हो हा. काढून टाका त्याला."

"बघतो," थोरला म्हणाला. त्याच गोड आवाजात.

शब्द तोंडातून गेला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडद्याआड सगळं ऐकू येतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? बाई गेल्यावर तो आत गेला. धाकटा शिवण उसवत होता.

"उद्या मी बाईंकडे जातो. सगळं खरं सांगतो."

"काय सांगशील, दादा?" धाकट्याने मान वर न करता विचारलं.

थोरल्याने तोंड उघडलं आणि तसाच थांबला. वाक्य तयार होतं. ऐकल्यावर बाईंनी "केवढ्या मोठ्या मनाचा माणूस!" म्हणावं, असंच ते त्याने जुळवलं होतं.