भिंतीवरचा थांबा

गौरी पुण्याहून पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली आणि दिग्रसच्या त्या छोट्या संस्थेत रंगीत कागदांचा सुकाळ झाला. कपाशीवर फवारणी करताना जीव कसा जपावा, हे गावोगाव सांगत फिरणारी ही संस्था. पण फिरणारे एकीकडे आणि टेबलामागचे दुसरीकडे, असा तिचा संसार. बैठकीत श्रीकृष्ण सर बोलायचे, बाकीचे माना डोलवायचे. जवळच्या बंजारा तांड्यातून येऊन गावोगाव फिरणाऱ्या रामीबाईंच्या तोंडून तीन वर्षांत 'हो जी'च्या पुढे शब्द निघाला नव्हता. गौरीला तेच मनापासून खुपायचं.

म्हणून सतरा सालच्या सप्टेंबरातल्या त्या सोमवारी तिने कार्यशाळा ठेवली. खुर्च्या गोल मांडल्या, सरांचीही त्याच गोलात. मोबाइल बंद करून टोपलीत. प्रत्येकाने बोलायचं, कुणाचं बोलणं मध्ये तोडायचं नाही, आणि विषयाबाहेरचं काही निघालं तर ते भिंतीवरच्या पिवळ्या कागदावर टिपून शेवटी घ्यायचं. पुण्यात त्या कागदाला इंग्रजी नाव होतं. गौरीने वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'थांबा'. मुद्दे इथे उभे राहतील, संध्याकाळी एसटीत बसतील, असं तिने समजावलं तेव्हा सगळे हसले. रामीबाई हसल्या नाहीत. चौथी शिकलेल्या त्या, अजून अक्षरंच लावत होत्या.

अकराच्या सुमारास त्यांची पाळी आली. पदर सावरत त्या चक्क उभ्या राहिल्या.

"आमच्या तांड्यातला बादल रातपासून ओकून राह्यला. तीन दिवस फवारणी केली त्यानं. डोळ्याले धुंद दिसते म्हणते. गाडी पाह्यजे होती."

गौरी हरखली. रामीबाई बोलल्या, तेही सरांसमोर. मग शिकवलं होतं तसं तिने बोलण्यातून मुद्दा वेगळा काढला.

"म्हणजे गावात फिरणाऱ्यांना गाडी वेळेवर मिळत नाही. बरोबर ना, रामीबाई?"

"हो जी."

"फार महत्त्वाचं बोललात." तिने पिवळ्या कागदावर लिहिलं, 'गाडी'. आजचा विषय होता एकमेकांवरचा विश्वास. संस्थेची जीप बाहेर लिंबाखाली उभीच होती.

दिवस झकास गेला. आपण कुणाचं ऐकून घेत नाही, हे सरांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. टाळ्या झाल्या. रामीबाईंनी दुपारी डबा उघडला नाही, त्यांची नजर सारखी पिवळ्या कागदावर होती. पहिल्यांदा बोलल्या म्हणून भांबावल्या असतील, असं गौरीला वाटलं. तिला त्या दिवशी फार बरं वाटत होतं, आणि पुढे कित्येक महिने त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटत राहिली.

साडेचारला तिने 'थांब्या'वरचा मुद्दा वाचला.

"गाडी कोणाले पाह्यजे होती?" सरांनी विचारलं.

"बादलले," रामीबाई म्हणाल्या. "सकाळीच सांगतलं ना जी."

सरांनी जीपची किल्ली उचलली. कार्यशाळा कशी चालवायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तांड्याच्या तोंडाशीच बादलचा काका फुलचंद भेटला. त्याने जीपकडे पाहिलं आणि हाताने नको म्हणून सांगितलं.

"तीन वाजता गेला. फोन लावून लावून थकलो, रामी. साऱ्याइचे बंद."

आतून बादलच्या आईचा आवाज येत होता. गौरी रामीबाईंमागोमाग जीपमधून उतरली. तिने त्यांचा हात धरला.

"तुम्ही पुन्हा का नाही बोललात? मला गदागदा हलवायचं होतंत."

रामीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर गौरीला सोसला असता.

"तुमीच तं भितीवर लिहून ठेवलं होतं, ताई. थांबा. खाली गाडी. मले वाटलं, बलावली गाडी." त्यांनी हात सोडवून घेतला. "मंग मी थांबली."