उथळातले एकवीस शिंपले

न्यालेनच्या सासूने प्रवाळाच्या कड्यावर, दोन पुरुष खोल पाण्यात, थोरल्या शिंपल्यांची बाग राखली होती. तळहाताएवढे आणलेले शिंपले आता घमेल्याएवढे झाले होते. वाऱ्याच्या महिन्यांत होडी बाहेर काढता येत नाही, तेव्हा घरादाराला तेच पोसत. मरताना म्हातारीने बाग विधवा सुनेच्या हवाली केली. यंदा परक्या बोटी कडा ओरबाडू लागल्या, तशी न्यालेन हबकली. पदरात चार मुली होत्या.

"भावजी, सगळे उचलून घराशी आणू," ती दीर पोमातला म्हणाली.

"घराशी पाणी कमरेएवढं, वहिनी."

"मग बरंच की! यांच्या मांसातलं शेवाळ उन्हावर वाढतं, त्यावर हे जगतात. जास्त ऊन, जास्त वाढ. शिवाय माझ्या नजरेखाली."

पोमातने कपाळाला हात लावला, पण भरतीच्या वेळी दोर बांधून एकवीसच्या एकवीस ओढून आणले. रोज सकाळी न्यालेन घरापुढच्या, पाण्यावरच्या लाकडी माचीवरून वाकायची. तिची सावली पडली की सगळे झपकन मिटायचे. मग कुठे तिच्या जिवात जीव यायचा.

मग वारा पडला. पाणी अंघोळीला काढल्यासारखं कोमट झालं. शिंपल्यांच्या निळ्या-हिरव्या झालरी कडेने फिकटल्या.

"वहिनी, तुझ्या लेकरांचे केस पिकले की!" पोमात हसला. तीही हसली.

आठवड्याभरात ते खोबऱ्यासारखे पांढरे पडले, आणि पोमातची थट्टा बंद झाली.

"पाणी बाधलं यांना. शेवाळ निघून गेलं."

"मग?"

"मग काय? उपाशी आहेत."

"मीच मारलं यांना," न्यालेन म्हणाली. तिला स्वतःचीच चीड आली. "आत्ताच्या आत्ता खोलात नेऊ."

पोमातने नुसतं वायव्येकडे बोट केलं. तिकडे आभाळ काळं झालं होतं, आणि कड्यावर लाटा फुटू लागल्या होत्या. आता दोन-तीन महिने होडी निघणार नव्हती. मेलेलं मांस तर दोन दिवसांत सडतं.

न्यालेन पाण्यात उतरली. सगळ्यात थोरल्या शिंपल्यावर तिची सावली पडली. तो मिटला नाही. तिने आत हात घातला, पार मनगटापर्यंत.

"आई, हात काढ!" माचीवरून धाकटी किंचाळली. "मिटेल ना तो!"

न्यालेनने हात तसाच ठेवला, आणि तो मिटण्याची वाट पाहत राहिली.