चिवडीच्या पोटाखाली मी अडखळले

मित्रांनो, माझे दोन दात पडले आहेत आणि पाठीला चीर गेली आहे. तरी मला टाकाऊ समजू नका. मी एक जुनी शिसवी फणी आहे.

पुण्याच्या तुळशीबागेतून मीनाक्षीताईंनी मला घेतलं आणि लग्नानंतर त्या मला एडिनबराला घेऊन आल्या. लेकीचे, सुचेताचे, केस मी शाळेच्या वेळेआधी विंचरले. सुचेताने केस कापले आणि मी कपाटात धूळ खात पडले. मग घरात एक मांजर आली. काळी, तांबडी, पिवळी, जणू डब्यात हलवून मिसळलेली. म्हणून तिचं नाव चिवडी. माझे दिवस पालटले. रोज चहानंतर ताई चिवडीला रेडिएटरजवळ मांडीवर घेत आणि मला तिच्या अंगावरून फिरवत.

मागच्या हिवाळ्यात ताई गेल्या. त्यांना एक गाठ आली होती. "उगाच डॉक्टरांचा वेळ कशाला घ्या," म्हणत त्या तिच्यावर आंबेहळदीचा लेप लावत राहिल्या. सुचेताला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आईची चिवडी आता सुचेताकडे राहते. चहानंतर विंचरायचं, हेही तिने चालू ठेवलं. एके दिवशी चिवडीच्या पोटाखाली मी अडखळले. सुचेताने बोटाने चाचपलं. वाटाण्याएवढी गाठ होती.

शेजारच्या शशीमावशी, ताईंच्या मैत्रीण, तेव्हा तिथेच होत्या. "अगं, मांजरांना होतं असं. इल्फर्डहून लेकीने ओली आंबेहळद पाठवलीय. किसून आणते, लेप लाव. आपोआप बसेल."

"मावशी, आईची बसली का?"

"नाही गं," मावशी हळूच म्हणाल्या. "कर फोन."

सुचेताने गाठ दाबली नाही, तिला काही लावलं नाही, घरातलं औषधही दिलं नाही. मापासाठी शेजारी पेनीचं नाणं धरून फोटो काढला आणि लगेच व्हेटची, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची, वेळ घेतली.

चिवडीच्या टोपलीत अंथरलेल्या ताईंच्या शालीत मीही गुंडाळली गेले होते. दवाखान्यात खुर्च्यांवर कुत्री-मांजरं बसली होती. दार उघडून कुणीतरी हाक मारली, "चिवडी सबनीस!"

सोबत आलेल्या मावशी खुदकन हसल्या. "मीनाक्षी असती ना, तर आडनावासकट हाक ऐकून पेढे वाटले असते!"

क्लोई नावाच्या व्हेटने गाठ तपासली आणि बारीक सुईने थोड्या पेशी काढल्या. "नुसतं हाताने चाचपून कुणालाच सांगता येत नाही," ती म्हणाली. "मलासुद्धा. म्हणून तपासायचं."

गाठ वाईट निघाली. पण ती लहान होती आणि कुठे पसरलेली नव्हती. ऑपरेशन झालं. टाके चाटू नयेत म्हणून चिवडीच्या गळ्यात मोठी कॉलर आली. ती दारांना आपटत, रागाने पाठ फिरवून बसे, आणि मी खिडकीत पडून राही. काढलेली गाठ तपासायला प्रयोगशाळेत गेली होती. फोन वाजला की सुचेता उभी राही.

शेवटी तो फोन आला. "सगळी निघाली? नक्की?" असं दोनदा विचारून सुचेता ओट्याला टेकली आणि मोठ्याने हसली. मग रडली, मग परत हसली. तिने खिडकीतूनच ओरडून सांगितलं, "मावशी, जिंकलो!"

"मग त्या आंबेहळदीचं काय करू आता?"

"लोणचं घाला!"

मित्रांनो, आता ऑपरेशनच्या जागी मऊ, नवे केस आले आहेत. काल संध्याकाळी मी चिवडीच्या गळ्यापासून शेपटीपर्यंत निघाले आणि कुठेही न अडखळता पोहोचले. माझ्या उरलेल्या दातांना याहून मोठा मान कोणता?

तुमच्या घरच्या मांजरावर रोज हात फिरवा. हाताला गाठ लागली तर घाबरून लपवू नका, 'बघू पुढे' म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. गाठ मांजराची असो, नाहीतर आईची.