दुप्पट साखर

मित्रांनो, आधी दोन पावलं मागे सरका. हां, आता बरं. घाबरायचं काही नाही, आज मी रिकामी आहे, स्वच्छ धुतलेली आहे आणि खिडकीत उलटी वाळत पडले आहे. पण मला सवयच अशी लागली आहे, की कुणी जवळ आलं की वाटतं, याला सांगावं, बाबा रे, जपून.

मी जाड तपकिरी काचेची एक जुनी बाटली. माझ्या गळ्यात तारेचा खटका आहे, डोक्यावर चिनी मातीचं पांढरं बूच आहे आणि बुचाखाली लाल रबराची चकती. खटका दाबला की बूच घट्ट बसतं. उचलला की 'टॉप' असा आवाज होतो. या 'टॉप'चा मला फार अभिमान आहे. इतर बाटल्यांची पत्र्याची झाकणं एकदा उघडली की गेली कचऱ्यात. मला मात्र कितीदाही उघडा आणि कितीदाही मिटा. हे जरा लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीने लाज राखली आहे.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळून लाल रस झाला, रस साच्यात उतरला, हवेची एक जोरदार फुंकर बसली आणि मी झाले. मग आम्हाला हळूहळू गार केलं. घाई केली असती तर आम्ही तडकलो असतो. कारागीर प्रत्येकीला नखाने टिचकी मारून कान लावायचा. माझी टिचकी ऐकून तो शेजाऱ्याला म्हणाला, "ही टिकेल." आयुष्यातली ती पहिली शाबासकी. ती मी अजून पुरवून पुरवून वापरते.

सुरुवातीला माझ्यात लिंबाचं सोडासरबत भरायचे. शाळा सुटली की तुमच्याएवढी मुलं दुकानात धावत यायची. 'टॉप' झालं की हसायची, नाकात बुडबुडे गेले की ठसकायची. काय दिवस होते. मग हलक्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि सरबताचा कारखाना बंद पडला. मी एका घरात गेले. तिथे माझ्यात काय भरलं असेल? फिनेल. मित्रांनो, लिंबाच्या सरबतानंतर फिनेल आणि मुक्काम न्हाणीघराच्या कोपऱ्यात. माझं रबर वाळून कडक झालं, तारेला गंज चढला. शेवटी एक दिवस मी भंगाराच्या दुकानात ढिगाखाली जाऊन पडले. वर एक फुटका पंखा होता आणि तो सारखा कुरकुरायचा.

तिथून मला आणि माझ्यासारख्याच खटकेवाल्या आणखी काही जणींना उचललं ते भावजींनी.

भावजी म्हणजे गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक. गॅरेजमध्ये सगळे त्यांना भावजीच म्हणतात, कारण त्यांची वहिनी त्यांना तशी हाक मारते. ही वहिनी रंगाच्या कारखान्यात काम करते. निळा रंग नेमका किती निळा आहे, हे मोजून सांगणं हे तिचं काम. म्हणजे एक जण आवाजावरून इंजिन ओळखणारा आणि दुसरी थेंब मोजल्याशिवाय चहाही न करणारी. दोघांना मिळून एकच वेड होतं, घरी बिअर गाळायची आणि शनिवारी संध्याकाळी मित्रमंडळींना चाखायला बोलवायचं. तिसरी होती वहिनीची शाळेपासूनची मैत्रीण, दातांची डॉक्टर. तिला सगळे नुसतं डॉक्टर म्हणत.

हे पेय मोठ्यांचं आहे बरं का, तुमच्यासाठी नाही. तुम्हाला मी फक्त गंमत सांगते. भिजवून मोड आलेले सातू भाजायचे, उकळायचे, त्यात एका वेलीची कडवट फुलं टाकायची, मग यीस्ट घालून पिंपात आंबू द्यायचं. शेवटी बाटलीत भरताना थोडीशी साखर. ही साखर यीस्ट खातं आणि बुडबुडे तयार करतं. साखर कमी पडली तर बिअर मिळमिळीत. जास्त झाली तर काय होतं, ते मी सांगणारच आहे.

शनिवारी गॅरेजमधलं लांब बाक पुसून त्यावर छोटे छोटे पेले मांडले जायचे. कुणी पेला दिव्यासमोर धरायचं, कुणी डोळे मिटून वास घ्यायचं. एक म्हणायचा ओल्या गवताचा वास येतो, दुसरी म्हणायची छे, जळलेल्या टोस्टचा. "मला तर नव्या टायरचा येतोय," असं भावजी म्हणाले की डॉक्टर म्हणायची, "ते तुमचे हात आहेत. धुऊन या." घोटभर चाखायचं, पाणी प्यायचं आणि तासभर वाद घालायचा. पिण्यापेक्षा बोलणंच जास्त. मला नवं रबर मिळालं होतं, तार घासून चकचकीत झाली होती. पहिला 'टॉप' नेहमी माझाच असायचा. भावजी म्हणायचे, "म्हातारीला आधी मान."

आणि त्यांची एक पद्धत होती. बाटल्या भरायच्या दिवशी जो साखर घालेल त्याने मोठ्याने ओरडायचं, "साखर घातली." बाकीच्यांनी जिथे असतील तिथून ओरडून उत्तर द्यायचं, "ऐकलं." शेजारच्या केशकर्तनालयातून न्हावीसुद्धा "ऐकलं" म्हणायचा. सगळे हसायचे. मला वाटायचं, ही नुसती चेष्टा आहे.

मग तो शनिवार आला. वहिनीने संत्र्याची सालं घालून नवी बिअर केली होती. फार मन लावून केली होती, सालं सुकवण्यापासून सगळी. पेले भरले, सगळे गप्प होऊन चाखू लागले. आणि भावजी बोलून गेले, "वहिनी, ही तुमच्या कारखान्यातूनच भरून आणली का? भिंतीला लावली तर एका हातात काम होईल."

सगळे खो खो हसले. वहिनीही हसली, पण मी तिच्या हातात होते. तिची बोटं माझ्या गळ्याभोवती एकदम आवळली गेली.

त्या दिवसापासून अबोला. एकाच घराच्या पुढच्या-मागच्या खोल्यांत राहणारी माणसं, पण दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. बोलणं काय ते डॉक्टरमार्फत. "त्यांना सांग, मेळ्याला आपलं नाव दिलंय." "त्यांना सांगा, मला माहीत आहे." वर्षातून एकदा एका जुन्या ट्राम डेपोत घरी बिअर करणाऱ्यांचा मेळा भरायचा. आमच्या मंडळींना पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. एरवी दोघं नाचली असती. आता डॉक्टर वैतागून म्हणाली, "हा मेळा एकदाचा होऊ दे. मग तुमचा शनिवार तुम्हाला लखलाभ. मी काही पोस्टमन नाही."

मेळ्यासाठी बाटल्या भरायच्या होत्या. वहिनी आतल्या खोलीत पिंपापाशी. तिने साखर तोलली, पाक केला आणि पिंपात ढवळला. भावजी गॅरेजमध्ये आमच्यापाशी. त्यांनी आम्हाला धुतलं, ओळीने उभं केलं आणि प्रत्येकीत चमचा चमचा साखर टाकली. आणि दोघांपैकी कुणीही ओरडलं नाही. ओरडणार कसं? ओरडणं म्हणजे बोलणं झालं असतं, आणि आधी कोण बोलणार? डॉक्टर आली, नळी लावून तिने आम्हाला भरलं. खटके बसले. टक, टक, टक. मी आतून किंचाळत होते. पण बाटलीचा आवाज उघडल्यावरच येतो ना.

मित्रांनो, पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कपाटात अंधार, उकाडा आणि पोटात नुसता गोंधळ. यीस्टला तर लग्नाचं जेवण मिळालं होतं. खातंय आणि बुडबुडे सोडतंय. माझं बूच वर ढकललं जात होतं, तार ताणली होती, मला ना धड उभं राहवत होतं ना कुणाला हाक मारता येत होती. रस्त्यावरून ट्रक गेला की सगळ्या जणी थरथरायच्या. मला स्वतःची काळजी नव्हती. एकच विचार मनात घोळत होता, पहिला मान माझा आहे. म्हणजे मी फुटले तर भावजींच्या हातात फुटणार.

एका दुपारी शेजारची बाटली गेली. एक धडाका, आणि माझ्या अंगावर तिचे तुकडे आणि फेस. दोघंही धावत आली. काचा दोघांनी गोळा केल्या, वहिनी एका टोकापासून आणि भावजी दुसऱ्या टोकापासून. मध्ये भेटल्यावर मला वाटलं आता बोलतील. वहिनीने केरसुणी उचलली आणि आत गेली. मग फोनवर तिचा आवाज आला, "भंगारातल्या बाटल्या, दुसरं काय होणार." इकडे भावजी न्हाव्याला सांगत होते, "पूर्ण आंबू द्यायच्या आतच भरायची घाई."

भंगारातल्या. हा शब्द मला फार लागला. पण रागवायलाही सवड नव्हती. पोट तडतडत होतं.

मेळ्याच्या सकाळी आम्हाला पेटीत घालून गाडीत ठेवलं. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव टांगणीला. ट्राम डेपोत उंच छत, काचेतून ऊन थेट आमच्या टेबलावर. बाजूच्या टेबलांवर लोक फळ्यांवर खडूने बिअरची नावं लिहीत होते, पेले पुसत होते. दाराबाहेर रांग लागलेली. भावजींनी पेटी उघडली आणि सवयीने हात माझ्याकडे आला.

"थांबा," डॉक्टर म्हणाली.

ती वाकून माझ्या डोक्याकडे बघत होती. "हे रबर असं बाहेर का आलंय? सुजलेल्या हिरडीसारखं दिसतंय. अगं, साखर किती घातलीस?"

"मापून घातली," वहिनी म्हणाली. "पिंपात."

भावजींचा हात जागीच थबकला. "डॉक्टर, त्यांना सांगा, मी प्रत्येक बाटलीत चमचा..."

"मी नाही सांगणार."

"अहो, महत्त्वाचं आहे."

"महत्त्वाचं आहे म्हणूनच. आठवडाभर लोकांना 'आ करा, आ करा' म्हणत असते मी. आज माझी सुट्टी आहे. तुमची तोंडं तुम्ही उघडा."

डॉक्टर खरंच हाताची घडी घालून उभी राहिली. माझी तार कण्हत होती. भावजी वहिनीकडे वळले.

"वहिनी," ते म्हणाले, "साखर घातली. मी पण."

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ऐकलं," ती हळूच म्हणाली. आणि लगेच, "हात काढा आधी तिच्यावरून. लोकांना मागे सरकवा. बर्फ कुठे मिळेल?"

मग जी पळापळ झाली. शेजारच्या टेबलवाल्याने आपल्या बर्फाचं घमेलं दिलं. डॉक्टरने गाडीतून दवाखान्यातले चेहऱ्यावरचे पारदर्शक पडदे आणि जाड हातमोजे आणले. दार उघडलं, लोक आत आले आणि आमच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. "मिळणार का नाही?" एकाने विचारलं. डॉक्टर म्हणाली, "पेशंट आत आहेत. वेळ लागेल."

गार झाल्यावर एकेकीला बाहेर काढलं. हे काम एकट्याचं नव्हतं. एकाने बाटली ओल्या टॉवेलात घट्ट धरायची, दुसऱ्याने खटका केसभर उचलून लगेच दाबायचा.

"धरलीत?"

"धरली. तुम्ही हळू."

"हळूच करतोय."

"हे हळू? हे इंजिन नाही, भावजी."

स्स्स. मिटलं. पुन्हा स्स्स. प्रत्येक बाटलीला बोलावंच लागत होतं. मला त्यांनी शेवटी ठेवलं, म्हातारी म्हणून. वहिनीच्या हातांनी मला धरलं, तेच हात, पण आज आवळलेले नव्हते. खटका केसभर उचलला गेला आणि माझ्या पोटातलं सगळं एक लांब श्वास होऊन निघालं. मी टिकले. तो कारागीर मला आठवला.

"त्या दिवशी संत्र्याच्या बिअरला मी जे बोललो," भावजी खटक्याकडे बघतच म्हणाले, "ते उगाच बोललो. चांगली होती ती."

"चांगली नव्हती," वहिनी म्हणाली. "मलाही कळलं होतं. पण सगळ्यांसमोर कशाला? आधी मला सांगायचंत."

"हो," भावजी म्हणाले. आणखी एकदा स्स्स झालं.

बिअर निम्मी फेसातच गेली. उरलेली लोकांनी चाखली. कुणी म्हणालं फार गोड, कुणी म्हणालं जिभेवर मुंग्या नाचतात. एक आजोबा पुन्हा रांगेत लागले. डॉक्टरने फळ्यावर नाव लिहिलं होतं, 'अबोला'. दोघांनी ते वाचलं आणि गुपचूप पेले पुसायला घेतले.

म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्या घरात कुणी घट्ट झाकण लावून बसलेलं दिसलं, तर त्याला हलवू नका, उन्हात ठेवू नका आणि भंगार तर मुळीच म्हणू नका. जरा गार होऊ द्या. एकाने घट्ट धरा, एकाने खटका केसभर उचला. आणि साखर घातली असेल, तर ओरडून सांगा. ऐकणाऱ्याने उत्तरही द्या.

आज पुन्हा भरायचा दिवस आहे. आतल्या खोलीत पिंप आहे, बाहेर आम्ही आहोत. मघापासून ऐकते आहे. भावजी म्हणतात, "साखर तुम्हीच घाला, वहिनी." वहिनी म्हणते, "नको, या वेळी तुम्ही." इतका मान चालला आहे की विचारू नका. डॉक्टर नळी हातात धरून उभी आहे.

अजून कुणी ओरडलेलं नाही. माझा एक कान आत आहे, एक बाहेर.