तिसऱ्या गेटजवळची फरशी

माझ्या फरशीवर कोणी बोट ठेवलं की माझं डोकं फिरतं. हे माझ्या बायकोला, परवीनला, लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं. म्हणून त्या सकाळी फोनवर मी नुसतं "हो भाऊ, येतो भाऊ" करत राहिलो, तेव्हा ती तव्यावरची पोळी तशीच सोडून माझ्याकडे बघायला लागली. पोळी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

फोन अमरावतीहून वामनरावांचा होता. वामनराव म्हणजे शेंदूरजनाघाटचे संत्र्यांचे व्यापारी. नातीच्या शाळेसाठी त्यांनी अमरावतीत घर बांधलं आणि त्या घराची सगळी फरशी दोन वर्षांपूर्वी मी बसवली. राहतो मी अकोल्यात, पण माझं काम पाहून लोक मला पार वरूडपर्यंत बोलावतात. हे मी बढाई म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतो.

वामनरावांचं म्हणणं असं की देवघराजवळच्या कोपऱ्यातली माझी फरशी उठली आहे. पायाला जाणवत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण नातीची खेळण्यातली मोटार हॉलभर सुसाट पळते आणि बरोबर त्या कोपऱ्यात येऊन अडखळते. रोज. दर फेरीला. त्यांचे मेहुणे शालिकराम वरूडला मंगल कार्यालय बांधत होते आणि तिथल्या मोठ्या हॉलची फरशी वामनरावांच्या शब्दावर माझ्याकडे येणार होती. एवढा मोठा हॉल मला आजवर मिळाला नव्हता. आता शालिकराम रविवारी त्यांच्याकडे जेवायला येणार होते. त्यांच्यासमोर ती गाडी अडखळली तर मी कोणत्या तोंडानं तुमचं नाव घेऊ, असं वामनरावांनी विचारलं.

दुसऱ्या कोणत्याही कोपऱ्याबद्दल कोणी असं बोललं असतं तर तळपायाची आग मस्तकात गेली असती. फोनवरच भांडलो असतो. पण देवघराजवळचा कोपरा म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्याचं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं, परवीनलासुद्धा नाही. तो कोपरा मी एकोणतिसाव्या रोज्याला बसवला होता. चांद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. घरी माझी लेक लुबना नव्या चपलांसाठी दाराशी उभी असणार, आणि जवळच्या बडनेरा स्टेशनहून अकोल्याची रेल्वे निघायला तासभर उरलेला. शेवटच्या सहा फरश्या राहिल्या होत्या. एक फरशी बसली की तिच्यावर चारही बाजूंनी लेव्हल ठेवायची, काचेतला बुडबुडा मधोमध आला तरच पुढची उचलायची, हा माझा नेम आहे. त्या सहा फरश्यांना मी लेव्हल लावली नाही. हातानं चाचपलं, रबरी हातोड्यानं ठोकलं आणि निघालो. ईद झाली की येऊन बघू, असं स्वतःलाच सांगितलं. गेलो मात्र नाही.

दोन वर्षं हे मनात रुतून बसलं होतं. कोणी माझ्या कामाची तारीफ केली की मी मान डोलवायचो आणि आतून तो कोपरा आठवायचा.

शनिवारी सकाळी बडनेऱ्याला उतरलो, ऑटो केला आणि हत्यारांची पिशवी घेऊन वामनरावांच्या दारात उभा राहिलो. वामनराव छताला टांगलेल्या बंगईवर बसून झोके घेत होते. त्यांच्या पत्नी सुंदराबाई पाणी घेऊन आल्या. त्यांची नात आचल, वय अकरा, दिवाणावर मांडी घालून बसली होती. मांडीवर टॅब, डोळे टॅबमध्ये आणि दोन्ही अंगठे चालू.

गाडी वीतभर लांबीची होती. लाल रंगाची, पुढे बारीक कॅमेरा. आचलच्या वडिलांनी, कुंदननं, गेल्या महिन्यात वाढदिवसाला आणलेली. हॉलमध्ये पुठ्ठ्याची चार गेटं उभी होती, त्यांवर एक ते चार आकडे. गाडीनं पहिल्या गेटातून निघून जेवणाच्या टेबलाखालून जायचं, सोफ्याला वळसा घालायचा, तिसरं गेट देवघराच्या कोपऱ्यात, चौथं स्वयंपाकघराच्या दाराशी. तिसऱ्या गेटातून गाडी गेली आणि माझ्या त्या सहा फरश्यांवर आली. आली आणि मंदावली. डावी-उजवीकडे डुलली, घसरल्यासारखी झाली आणि सुटून पुढे पळाली.

मी तीन फेऱ्या पाहिल्या. तिन्ही वेळा तेच. मी गाडीकडे आणि जमिनीकडेच बघत होतो. चोवीस वर्षं माझी नजर जमिनीवरच असते, धंदाच तसा आहे.

"पाह्यलं?" वामनराव बंगईवरून म्हणाले. "मी काई उगाच बोलून नाई राह्यलो. पेटीत संत्रं वरून कितीबी चांगलं दिसो, मी खालपर्यंत हात घालून पाह्यतो. ह्या गाडीनं तुमच्या फरशीत तसा हात घातला हाय."

मी गुडघ्यावर बसलो आणि लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. दुसऱ्या फरशीवर ठेवली, आडवी, उभी, तिरपी. मधोमध. सूत ताणून पाहिलं, सुताखालून पोस्टकार्डही सरकलं नसतं. नाणं काढून प्रत्येक फरशी ठोकली. खाली पोकळ असेल तर आवाज बदलतो. आवाज भरीव येत होता, सहाच्या सहा फरश्यांचा. तरी माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. मनात चोर असला की बरोबर आलेला बुडबुडाही खोटा वाटतो. लेव्हलच बिघडली असेल म्हणून मी ती दरवाजाजवळच्या फरशीवर एकदा सुलटी, एकदा टोकं फिरवून लावून पाहिली. तिथेही मधोमध. मी परत कोपऱ्यात आलो.

वामनरावांचं एकच. तुमची काच काहीही सांगो, गाडी अडते ना? आणि ती अडते हे मलाही दिसत होतं.

एरवी मी लेव्हल त्यांच्या हातात दिली असती, तुम्हीच पाहून घ्या म्हटलं असतं आणि पिशवी उचलली असती. त्या दिवशी मी म्हटलं, "भाऊ, सहाच्या सहा फोडतो. गच्चीवर उरलेल्या फरश्या असतीन, त्या बसवून देतो. उद्याच्या जेवणाच्या आत." मजुरीचा विषय मी काढलाच नाही.

वामनरावांना हे अपेक्षित नसावं. त्यांनी बंगई पायानं थांबवली. मी भांडेन याची तयारी करून ते बसले होते, असं मला वाटतं. मग त्यांनी फक्त मान हलवली आणि आत आवाज दिला. सुंदराबाईंनी देवांवर धूळ जाऊ नये म्हणून देवघरावर जुनं लुगडं टाकलं. मी छिन्नी आणि हातोडा काढला.

आपल्या हातानं बसवलेली फरशी फोडायला बसणं काय असतं ते फरशीवालाच जाणे. हात उचलवत नव्हता. मला वाईट वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटत होतं. दोन वर्षांचं ओझं आज उतरणार होतं, उतरताना नाव जाणार होतं एवढंच.

फोडण्याआधी नेमकी कोणती फरशी उठली आहे ते खडूनं खूण करून ठेवावं म्हणून मी आचलला म्हटलं, बेटा, एकदा गाडी हळूच या कोपऱ्यातून ने. मी गाल जमिनीला लावून आडवा झालो. असं झोपून पाहिलं की सुतासारखा उंचवटाही डोंगरासारखा दिसतो. गाडी आली आणि माझ्या नाकासमोरून सरळ निघून गेली. डुलली नाही, मंदावली नाही, चाकांचा आवाजसुद्धा बदलला नाही.

"आणखी एकदा," मी म्हटलं. पुन्हा तशीच गेली. तिसऱ्यांदाही. मी उठून बसलो.

"आचल, आता कशी काय सरळ गेली?"

"आता रेस बंद हाय न, चाचा," ती म्हणाली. "तुमी हळू ने म्हणलं, म्हणून मी गेम बंद केला. आता तिथं चिखल नाई."

"कुठं चिखल?"

तिनं टॅब माझ्यासमोर धरला आणि रेस चालू केली. मी पहिल्यांदाच त्या काचेत पाहिलं. आत हाच हॉल दिसत होता. टेबलाचे पाय, सोफा, देवघरावरचं लुगडं, माझी स्वतःची मांडी आणि तिच्याशेजारी ठेवलेली छिन्नी. पण फरशीवरून एक काळा रस्ता गेला होता, त्यावर दुसऱ्या तीन गाड्या पळत होत्या, ज्या हॉलमध्ये कुठेच नव्हत्या. आणि तिसऱ्या गेटच्या पुढे, माझ्या सहा फरश्यांवर, तपकिरी चिखल पसरला होता. बुडबुडे येणारा, पावसाळ्यात बैलगाडी रुतावी तसला. आचलची गाडी काचेतल्या चिखलात शिरली आणि त्याच क्षणी माझ्यासमोरची खरी गाडी मंदावली, डुलली, घसरली. चिखल काचेत होता आणि गेम खऱ्या गाडीचा वेग कमी करत होता.

वामनराव बंगईवरून उतरले. चष्मा लावून त्यांनी टॅबमध्ये पाहिलं, मग फरशीकडे, मग पुन्हा टॅबमध्ये. मग कडक आवाजात त्यांनी नातीला तिसरं गेट उचलून सोफ्याच्या पलीकडे ठेवायला लावलं. चिखल गेटाबरोबर तिकडे गेला. गाडी आता सोफ्यापलीकडे अडखळायला लागली आणि देवघराचा कोपरा तिनं वाऱ्यासारखा पार केला.

"तू सांगतलं काहून नाई?" त्यांनी आचलला विचारलं.

"तुमी फरशी खराब झाली म्हणून राह्यले होते, आजोबा," ती म्हणाली. "ते गाडीमुळं म्हणता हे मले कोणी सांगतलं?"

वामनरावांनी चष्मा काढून हातात घेतला. महिनाभर ते बंगईवरून गाडीकडे बघत होते आणि ती महिनाभर काचेत बघत होती. मी तासभर फरशीकडे बघत होतो. सुंदराबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि देवघरावरचं लुगडं काढून घडी करायला लागल्या.

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटतील असं वाटलं. बुडबुडा खरा होता, सूत खरं होतं, नाण्याचा आवाज खरा होता. लेव्हल न लावता, रेल्वेची वेळ डोक्यात ठेवून, रोज्याच्या एकोणतिसाव्या दिवशी उपाशीपोटी बसवलेल्या सहा फरश्या केसभरही चुकल्या नव्हत्या. माझ्या हातात एवढं आहे हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

तिथून तसंच निघालो असतो तर चाललं असतं. वामनराव शरमिंदे झाले होते, चहा आला होता, शालिकरामना आता ते चांगलंच सांगणार होते. पण मग ही फुगलेली छाती खोटी ठरली असती. दोन वर्षं जे लपवलं ते आता तर सहज लपलं असतं, आणि मला तेच नको होतं.

"भाऊ," मी म्हटलं, "एक सांगायचं हाय. फोडायले मी उगाच नाई बसलो." आणि मी सगळं सांगितलं. चांद, रेल्वेची वेळ, लुबनाच्या चपला, न लावलेली लेव्हल, न मारलेली चक्कर. सांगताना मी मान खाली घातली नाही. तुमच्या घरात मी एक काम नेम मोडून केलं, फरशी नीट निघाली तरी नेम मोडला तो मोडलाच, असं म्हटलं आणि थांबलो.

वामनरावांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एकेक संत्रं हातात घेऊन वजन करतात तसं. मग ते कोपऱ्यात गेले आणि अनवाणी पाय त्या सहा फरश्यांवरून एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवला. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोरच शालिकरामना लावला.

"शालिक, उद्या येशीन तेव्हा बोलूच, पण एक आताच आयकून ठेव," ते म्हणाले. "तुया हॉलची फरशी अय्युबभाईच बसवतीन. दुसरा कोणी नाई. आणि कामाच्या तारखा काढशीन तवा क्यालेंडर नीट पाह्यजो. ईदीच्या आदल्या दिवशी ह्या माणसाले दुपारीच घरी जाऊ देजो."

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि चहाचा कप माझ्या हातात दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मी पुसलं नाही, कारण त्या घरात आता माझं लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.